रात्रभर बसणार असाल तर या

दिवाळी सरून धान घरात येऊ लागलं, की गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरी-वडसा पट्ट्यातल्या गावांत मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि मंडईच्या रात्री नाटक असतं. दहा-साडेदहाला पडदा उघडतो, आणि नाटक संपतं तेव्हा उजाडलेलं असतं. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. या हंगामात दूरच्या शहरांतली माणसं मुद्दाम इथे आणावीत की नाही, यावर माझ्या शेजारी सध्या वाद सुरू आहे.

एका बाजूला शेजारचे निवृत्त गुरुजी. तरुणपणी त्यांनी गावच्या नाटकांत स्त्रीपार्टापासून खलनायकापर्यंत सगळी कामं केली. आजही एखाद्या मंडळीचा प्रॉम्प्टर आजारी पडला तर निरोप त्यांनाच येतो. दुसऱ्या बाजूला त्यांची भाची. जन्म आरमोरीचा, नोकरी पुण्यात, पर्यटनाच्या धंद्यात. आठ-दहा माणसांचा गट आणायचा, त्यांना चार दिवस इथली कला दाखवायची, असा तिचा बेत आहे. दोघांचं बोलणं मी समोर बसून ऐकलं. दोघांनाही या मुलखाची कळकळ आहे, म्हणून ते इथे मांडतो. माझं मत जिथे आहे तिथे तेही सांगेन.

भाची : मामाजी, हा बेत मला सुचला सांता फे पाहून. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, न्यू मेक्सिकोच्या वाळवंटी मुलखात, सात हजार फूट उंचीवरचं गाव. आम्ही मोजकी माणसं होतो, सोबत तिथलाच एक वाटाड्या. जॉर्जिया ओ'कीफ या चित्रकर्तीचं संग्रहालय पाहिलं, कॅन्यन रोडवरची चित्रांची दालनं पाहिली. पण मनात घर केलं ते एका ओसरीने. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश लोकांनी बांधलेला गव्हर्नरचा वाडा आहे. त्याच्या ओसरीत मूळ जमातींचे कारागीर भिंतीला टेकून, पुढे चादर अंथरून बसतात. चांदीचे आणि फिरोज्याचे दागिने, मडकी. तिथे दलाल नाही. स्वतः किंवा घरच्यांनी घडवलेलीच वस्तू विकायची, असा नियम आहे. माणसं जास्त आणि जागा कमी असली तर सकाळी चिठ्ठ्या टाकून जागा वाटतात. ते पाहिलं आणि मला आपल्याकडच्या कोसा रेशीम काढणाऱ्या बाया आठवल्या. त्यांना अशी ओसरी कोणी दिली?

मामाजी : ओसरी चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण ज्या कारागिरांची कला पाहायला माणसं येतात, त्यांना त्या गावात घर घेणं परवडते का?

भाची : नाही परवडत. बरेच जण दूरच्या वस्त्यांतून येतात. 1957 मध्ये तिथे कायदा झाला, की जुन्या भागात नवं बांधकामही जुन्या मातीच्या घरांच्या धाटणीचंच हवं. गाव देखणं राहिलं. मग पैसेवाले आले, घरांच्या किमती चढल्या.

मामाजी : मग तूच सांगितलं की! गाव देखणं राहिलं आणि गावकरी बाहेर गेला. आपल्या आरमोरीत आज नाटक पाहणारा आणि नाटक करणारा एकाच पाणवठ्याचा आहे. तिथे मले तिसरा माणूस कायले पाहिजे?

इथे थोडं थांबून, ज्यांनी झाडीपट्टीचं नाटक पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानपिकाच्या, तलावांच्या आणि जंगलाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. इथली रंगभूमी दंडार, खडी गंमत अशा लोकप्रकारांच्या मातीत वाढली. तिचं केंद्र वडसा, म्हणजे देसाईगंज. हंगाम जवळ आला की वडशात नाटक मंडळ्यांच्या कार्यालयांवर फलक झळकतात. अशा मंडळ्या पन्नासच्या आसपास आहेत. गावचं मंडळ कार्यालयात येतं, तारीख आणि नाटक ठरवतं, बिदागी देतं. रंगमंच, पडदे, दिवे, माइक, वादक, कलावंत असं सगळं घेऊन मंडळी गावी येते. तिकीट गाव विकतं, नफा-तोटा गावाचा. ही व्यवस्था सरकारी अनुदानावर चालत नाही, आणि मला वाटतं हीच तिची ताकद आहे. कुरखेडा तालुक्यातले नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या महाराष्ट्राने या रंगभूमीकडे वळून पाहिलं. त्याच्या कितीतरी आधीपासून हजारो माणसं तिकीट काढून ती पाहत आली होती.

मामाजी : पूर्वी नाटक शंकरपटाच्या जोडीने होत असे. दिवसा बैलांचा पट, रात्री नाटक. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. लोक म्हणाले, आता नाटकही बसणार. बसलं का? पट नसतानाही गावोगाव नाटकं होत राहिली. 2021 च्या अखेरीस पटाला परवानगी मिळाली, तवा जोडी पुन्हा जमली. कोरोनात पडदा पडला, कलावंतांचे फार हाल झाले. तरी हंगाम पुन्हा उभा राहिला तो तिकिटावर. ज्या नाटकाने एवढं सोसलं, त्याला तुझ्या दहा पाहुण्यांचा आधार नको आहे, बाई.

भाची : आधार द्यायला नाहीच आणत मी त्यांना. शिकायला आणते. पुण्यात मराठी रंगभूमी म्हटलं की पुणे आणि मुंबई, एवढंच लोकांना माहीत. 2022 मध्ये 'झॉलीवूड' नावाचा या नाटकांवरचा सिनेमा आला तेव्हा माझे कितीतरी मित्र म्हणाले, हे असं खरंच असतं? धानाच्या बांध्यांमध्ये रात्रभर नाटक चालतं, बाया-पोरं पोतं टाकून, चादर घेऊन बसतात, दमलेलं लेकरू आईच्या मांडीवर झोपतं आणि आईचे डोळे मात्र रंगमंचावरून हलत नाहीत. हे आपल्याच राज्यात आहे आणि आपल्याच लोकांना ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं.

मामाजी : वाईट मलेही वाटते. पण तुझे पाहुणे काय करतील ते सांगतो. साडेदहाला येतील. पहिल्या रांगेत खुर्च्या मागतील. बारा वाजले की घड्याळ पाहतील. एक वाजता त्यांची गाडी सुरू होईल. त्या गाडीचा उजेड रंगमंचावर पडेल, आणि तवाच नायिका नवऱ्याच्या घरून निघून चालली असेल. पुढच्या वर्षी तू म्हणशील, मामाजी, पाहुण्यांसाठी दोन तासांचा खेळ करता येईल का? एखादी मंडळी करेलही, पैसा कोणाला नको? आणि दोन तासांचं ते जे होईल ते झाडीपट्टीचं नाटक नसेल.

गुरुजींचा हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे रात्र हाच नाटकाचा आकार आहे. मंडईच्या दिवशी घराघरात पाहुणे उतरलेले असतात. लेकी माहेरी येतात, जावई येतात, लांबचे सोयरे येतात. आलू-वांग्याची भाजी, भात, वडे होतात. एवढी माणसं घरात झोपवायला जागा नसते आणि कोणाला झोपायचंही नसतं. किती तरी सोयरिकी याच दिवसांत जुळतात. मुलगी पाहायला आलेले लोक नाटकाला थांबतात. नाटकही या रात्रीच्या बेताने लिहिलं जातं. कथा पुढे सरकते, मग गाणं येतं, वन्समोअर होतो, विनोदी पात्र येऊन पेंगलेल्यांना जागं करतं, आणि पहाटेच्या थंडीत, बाया पदर डोळ्याला लावतात तो प्रसंग येतो. जो माणूस एक वाजता उठला, त्याने हा प्रसंग पाहिलाच नाही.

भाची : मग तुमचीच अट मी घालते. जो पहाटेपर्यंत बसणार नाही, त्याला मी नेणारच नाही. पुढच्या खुर्च्या नकोत, आम्ही जमिनीवर बसू. तिकीटही रांगेत उभं राहून काढू. पण मामाजी, एक विचारू? नाटक बदलायला पाहुणेच लागतात का? मुंबई-पुण्याच्या नट्या मंडळ्यांनी आणल्या, मध्येच रेकॉर्ड डान्स घुसला, दिव्यांचा झगमगाट आला. हे काही पर्यटकांनी केलं नाही. दुसऱ्या मंडळीपेक्षा आपली गर्दी जास्त व्हावी म्हणून मंडळ्यांनीच केलं.

मामाजी : (थोडा वेळ गप्प बसून) ते खरं आहे. आमच्या वेळी आम्ही कथानकावर नाटक ओढत होतो. आता गावही मंडळीला विचारते, डान्सर कोण आहे म्हणून. पण तो बदल प्रेक्षकाने मागितला. चुकला तरी प्रेक्षक नाटकाचाच आहे. उद्या तोच म्हणेल, बस झालं. पाहुण्याने केलेला बदल कोण दुरुस्त करणार? तो तर पुण्याला निघून जाईल.

याला भाचीकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नाही. माझ्या मते नाटकाच्या बाबतीत गुरुजी जिंकले. पण वाद इथे संपला नाही, कारण आतापर्यंत स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या मामी बाहेर आल्या. त्यांचं माहेर नागभीडकडचं, घरात कोसा विणायचा माग होता.

मामी : तुम्ही दोघं नाटकावरच भांडून राहिले. कोशाचं कोन बोलन?

मामींच्या या एका वाक्याने बोलण्याची दिशा बदलली. कोसा, म्हणजे टसर रेशीम, हे आरमोरी तालुक्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. ते मुख्यतः ढिवर समाजाच्या हाती आहे. तुतीवरचा रेशीमकिडा घरात, ट्रेमध्ये वाढतो. टसरचा किडा मात्र जंगलातच, ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतो. अंड्यांतून निघालेल्या अळ्या झाडावर सोडल्या की पाला खात, चार वेळा कात टाकत त्या बोटाएवढ्या जाड, हिरव्यागार होतात. या महिना-सव्वा महिन्यात मुंग्या, गांधीलमाश्या, पाखरं, सरडे सगळेच त्यांच्यावर टपलेले असतात. म्हणून ढिवर माणूस जंगलातच झोपडी घालून राखण करतो, गलोल घेऊन झाडाखाली फिरतो, एका झाडाचा पाला संपला की फांदीसकट अळ्या दुसऱ्या झाडावर नेतो. आरमोरी, वडसा, ब्रह्मपुरीच्या जंगलात आता वाघांची संख्या वाढली आहे, माणसं मारली गेली आहेत. 2022 च्या ऑक्टोबरात वडसा वनविभागात पकडलेल्या 'सीटी-1' वाघाने तेरा बळी घेतले होते. अशा जंगलात दिवसरात्र किड्यांची राखण करणं म्हणजे काय, हे शहरात साडी नेसणाऱ्या बाईला ठाऊक असायला हवं, असं मला फार वाटतं.

मामी : कोश घरी आला म्हणजे काम संपलं असं नाही. कवच कसं टणक असते! सोड्याच्या पाण्यात उकळायचं, तवा ते मऊ होते. मग टोक शोधायचं. चार-पाच कोशांचे तार एकत्र धरायचे आणि मांडीवर घासून पीळ देत सूत ओढायचं. माझ्या आईच्या मांडीची कातडी सोलून निघे. आता मशीन आल्या, चांगलं झालं. मांडीवर सूत काढणं कोनाला पाहायचं असन तर त्याले सांगजो, पाहू नको म्हणून.

भाची : मामी, मीही ते दाखवणार नाही. रेशीम मंडळाने 'बुनियाद' मशीन आणली ती बायांचा तो त्रास संपावा म्हणून. पाहुण्यांना मशीनवरच दाखवायचं.

मामी : आणि करवतीचा काठ दाखव. साडीच्या काठाला करवतीचे दात असतात ना, ते छापलेले नसतात. मधल्या अंगाला एक धोटा, दोन्ही काठांना दोन, असे तीन धोटे चालतात. दर फेरीत काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवावा लागते. एकट्याने जमत नाही, जोडीला माणूस लागते. त्या साडीला आता सरकारचा भौगोलिक मानांकनाचा शिक्का मिळाला. पण शिक्का साडीला मिळाला. माग चालवणारा पोरगा बांधकामावर गेला.

गुरुजी इथे काही बोलले नाहीत. कोशाच्या बाबतीत त्यांची बाजू लंगडी आहे, हे त्यांनाही कळत होतं. नाटकाला गावचा प्रेक्षक आहे, तो तिकीट काढतो. कोशाला गावात गिऱ्हाईक नाही. इथली बाई रोज कोसा नेसत नाही आणि सणालाही तो तिला परवडत नाही. कोश व्यापाऱ्याकडे जातो, सूत दुसरीकडे जातं, साडी तिसऱ्या शहरात विकली जाते. ज्या बाईने सूत ओढलं तिला शेवटची किंमत कधी कळतही नाही. बाहेरचा पाहुणा इथे आला, त्याने मागावर बसलेल्या माणसाचं काम तासभर पाहिलं आणि कापड त्याच्याच हातून घेतलं, तर तो पैसा थेट त्या घरात पोहोचतो. सांता फेच्या ओसरीचा नियम इथे उपयोगी पडतो. नाटकाला पाहुणा लागत नाही, कोशाला लागतो. एकाच मुलखातल्या दोन कलांची गरज इतकी वेगळी असू शकते, आणि पर्यटनाच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलताना आपण हे विसरतो.

मामाजी : कोशाचं मी मान्य करतो. पण तुझ्या बेताच्या कागदावर भामरागड लिहिलं आहे, त्याचं काय?

भाची : भामरागडजवळचं हेमलकसा सगळ्यांना पाहायचं असतं. आणि माडिया आदिवासींचा रेला नाच...

मामाजी : हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प 1973 मध्ये सुरू झाला. तो दवाखाना आणि शाळा चालवते. तिथे जावं ते मान खाली घालून, काम समजून घ्यायला. त्याला नाक्यावरचं प्रेक्षणीय स्थळ करू नको. आणि रेला नाच सांगून होत नसते. तो त्यांच्या लग्नात, त्यांच्या सणात होते. पैसे देऊन संध्याकाळी सहाला अंगणात नाचवशील, तर त्या पोरींच्या डोळ्यांकडे पाहायची हिंमत तुला होणार नाही.

भाची : सांता फेच्या आसपास मूळ जमातींची जी गावं आहेत, त्यांतल्या बऱ्याच गावांत सणाच्या दिवशी कॅमेऱ्याला बंदी असते. काही ठिकाणी चित्रसुद्धा काढू देत नाहीत. पाहुणा आला तर उभा राहून पाहील, टाळ्या वाजवणार नाही. तिथे मला ते फार योग्य वाटलं होतं.

मामाजी : मग इथे अयोग्य का वाटावं? धानोऱ्याजवळच्या मेंढा-लेखा गावाला विचार. सुमारे 1800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क त्या गावाने 2009 मध्ये मिळवला. ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीने होतो. तिथे कोणाला यायचं असलं तर ग्रामसभेला विचारून यावं. ते नाही म्हणाले तर जाऊ नये.

भाचीने कागदावरचं भामरागड खोडलं. मला ते पाहून बरं वाटलं. आपल्या ओढीपायी दुसऱ्याच्या अंगणात शिरायचं नाही, हे तिने वाद न घालता मान्य केलं.

बाकीच्या जागांवर फारसा वाद झाला नाही. वैरागड आरमोरी तालुक्यातच आहे. खोब्रागडी आणि सतनाला नद्यांजवळचा किल्ला, भंडारेश्वराचं जुनं देऊळ. 'आइन-ए-अकबरी'त इथल्या हिऱ्याच्या खाणीची नोंद आहे. गुरुजींचं म्हणणं, तिथे वाटाड्या गावातल्याच शिकलेल्या पोराला करावं आणि त्याला पुरतं मानधन द्यावं. वैनगंगेच्या काठचं मार्कंडा दीड-दोन तासांवर आहे. नदी तिथे उत्तरेकडे वळते आणि काठावर शिल्पांनी भरलेल्या देवळांचा समूह उभा आहे. या देवळांना पाहणाऱ्यांची गरज आहे, कारण लोकांचं लक्ष असलं तरच दगडाची देखभाल नेटाने होते.

शेवटी गुरुजींनी एक अट घातली, तीही मला पटली. पाहुण्यांच्या गटाबरोबर दरवेळी आरमोरी-वडशातली दोन-तीन शिकणारी पोरं असावीत. त्यांच्याकडून पैसे घेऊ नयेत. कोसा कसा निघतो, वैरागडात कोणते राजे होते, नाटकाच्या वहीत प्रॉम्प्टर खुणा कशा करतो, हे पाहुण्यांबरोबर त्यांनाही कळावं. कारण आमची बरीच पोरं आता रात्री नाटकाला येतात ती मोबाइल हातात धरूनच, आणि कोशाच्या झाडाखाली तर कोणी जातच नाही. भाचीने ही अट लगेच मानली. गुरुजी मात्र अजून पूर्ण राजी नाहीत. पहिला गट येऊन गेला की सांगतो, एवढंच ते म्हणतात, आणि सावध राहण्याचा त्यांना अधिकार आहे असं मी मानतो.

वाचकांपैकी कोणाला यायचं असेल, तर दिवाळी ते होळी हे दिवस धरा. नागपूरहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी करत रस्ता वैनगंगा ओलांडून आरमोरीला येतो. रेल्वेने येणाऱ्यांनी वडशाला उतरावं. जानेवारीच्या रात्री इथे कडाक्याची थंडी पडते, जाड चादर आणा. नाटकाचं तिकीट तुमचं तुम्ही काढा, गावकऱ्यांच्या रांगेत बसा आणि पडदा पडेपर्यंत उठू नका. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. कोसा घ्याल तो सूत काढणाऱ्याच्या किंवा विणणाऱ्याच्या हातूनच घ्या, आणि त्याचा भाव पाडू नका.